टीबीचा उपचार नुकताच सुरू झालेल्यांसाठीच्या योजना: उपकेंद्राच्या स्टाफला दीड तासात नेमकं काय शिकवावं?

सिंदफणा_काठ

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या मासिक बैठकीत मला दीड तास मिळालाय. समोर सीएचओ (उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी), आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, गटप्रवर्तक आणि काही आशाताई धरून चाळीसेक जण असतील. टीबीचा उपचार नुकताच सुरू झालेल्या रुग्णाला काय काय मिळतं आणि ते त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं, हा विषय. निक्षय पोषण (आहारासाठी खात्यात येणारे सरकारी पैसे), निक्षय मित्र (रुग्णाला धान्याची टोपली देणारे देणगीदार), एमडीआर म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा नवा सहा महिन्यांचा कोर्स, सोबत शुगर निघाली तर इन्सुलिन, सगळं त्यातच.

वरून आलेली पीपीटी आहे, साठेक स्लाइडची. ती लावली की दहा मिनिटं लोक ऐकतात, मग मोबाइल निघतात. योजनांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण "रुग्णाचे पैसे आले नाहीत, आता काय?" असं विचारलं की "वर कळवलंय" याच्या पुढे गाडी सरकत नाही.

अशी प्रशिक्षणं घेणाऱ्यांना विचारायचंय: काय गाळू? पैसे कुठे अडतात हे कसं शिकवू? दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, त्यातल्या रुग्णांचं काय सांगू? खासगी डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांसाठी संध्याकाळी वेगळा अर्धा तास आहे, त्यासाठीही सुचवा.

एसटीएस_धाराशिव

पीपीटी बंदच ठेवा. योजनेची उद्दिष्टं, देशाचं टार्गेट, जिल्ह्याचा क्रमांक, हे सगळं गाळा. एकच गोष्ट शिकवा: गोळ्या सुरू झाल्यापासून पहिल्या चौदा दिवसांत कोणी काय करायचं. योजना हुकतात त्या याच पंधरवड्यात. रुग्ण घाबरलेला असतो, घरात कुणाला सांगावं कळत नसतं, आणि आपल्याकडे सीएचओला वाटतं बँकेचं काम आशाताई करतील, आशाताईंना वाटतं एसटीएस (टीबीचा पर्यवेक्षक) करेल.

पैशांचे आकडे फळ्यावर लिहा, कारण निम्म्या लोकांच्या डोक्यात जुने आहेत. निक्षय पोषणचे एप्रिल 2018 पासून महिन्याला 500 होते, 1 नोव्हेंबर 2024 पासून 1000. पण ते महिन्याला येत नाहीत. 3000 चे दोन हप्ते: पहिला निदानानंतर आगाऊ, दुसरा 84 दिवसांचा उपचार झाल्यावर. हे नीट सांगितलं नाही तर रुग्ण दर महिन्याला पासबुक भरून आणतो, दुसऱ्या महिन्यात काही दिसत नाही, आणि "योजना बंद झाली" असं गावभर होतं. उपचार सहा महिन्यांच्या पुढे गेला तर पुढेही महिन्याला 1000 प्रमाणे मिळतं.

आता घोडं कुठे अडतं. सगळ्यात जास्त आधारवर. "खात्याला आधार लिंक आहे का?" असं विचारलं की बँकेतला माणूस केवायसी बघतो आणि हो म्हणतो. डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) ते पुरत नाही. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या मॅपिंगमध्ये तो आधार नंबर कोणत्या बँकेला जोडलाय ते बघावं लागतं. प्रश्न असाच विचारायला शिकवा: "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग याच बँकेला आहे का?" एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते, आणि शेवटी जिथे जोडली तिथे पैसे जातात. म्हणून "आले नाहीत" म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. तक्रार वर पाठवण्याआधी घरातली सगळी पासबुकं भरून बघायची.

बायकांच्या बाबतीत काम सोपं झालंय. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येतात तेच खातं घ्या, त्याचं मॅपिंग झालेलंच असतं. अडचण राहते ती पुरुषांची, त्यातही म्हाताऱ्यांची. जनधनचं खातं आहे पण दोन-तीन वर्षं व्यवहार नाही, म्हणून सुप्त झालेलं. किंवा निक्षयमध्ये (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) "बाबुराव" आणि बँकेत "बाबूराव विठोबा", त्यामुळे पडताळणीत नापास. खातंच नसेल तर पोस्टमनला बोलवा. पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं घरी येऊन आधार आणि अंगठ्यावर उघडता येतं, शिल्लक ठेवायची अट नाही.

प्रशिक्षणात हे भाषण म्हणून देऊ नका. निक्षयवरून प्रत्येक उपकेंद्राची चालू रुग्णांची यादी काढा, बँक पडताळणीचा रकाना दिसेल अशी, आणि ज्याच्या त्याच्या हातात द्या. जिथे रकाना अडलाय तिथे कारण शोधायचं, तिथूनच रुग्णाला फोन करायचा. चाळीस मिनिटं यालाच द्या. एक अडलेलं खातं स्वतः सोडवलं की ती बाई पुढची दहा सोडवते. याद्या मात्र जाताना परत गोळा करा, आणि ग्रुपवर कुणीही नाव, आधार किंवा पासबुकचा फोटो टाकायचा नाही हे दारातच सांगा. एका गावात टीबीचं नाव फुटलं की पुढचा रुग्ण तपासणीलाच येत नाही.

लातूर_फिजिशियन

वरचं सगळं मान्य, पण दीड तास नुसता पैशांत घालवू नका. मदतीची योजना म्हणजे रुग्ण गोळ्या पूर्ण करेपर्यंत टिकून राहावा यासाठीची सोय. तो टिकत नाही तो बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातल्या त्रासामुळे, आणि तो त्रास आधी कुणी सांगितलेला नसतो. हे सांगणं कोणत्याही योजनेच्या यादीत नाही, पण सगळ्यात स्वस्त मदत तीच.

साध्या टीबीसाठी स्टाफला पाच गोष्टी तोंडपाठ हव्यात. लघवी केशरी होते, ते रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही. मळमळ होत असेल तर गोळी थोडं खाऊन घेतली तरी चालते, पण तुकडे करून दिवसभरात वाटून नाही. सांधे दुखले, हातापायाला मुंग्या आल्या तर कळवायचं, औषध आहे. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नाहीत, अन्न नको वाटतं: सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. नजर धूसर झाली, लाल-हिरवा रंग ओळखू येईना: तेही त्याच दिवशी. शेवटच्या दोन गोष्टी सोडून रुग्णाने स्वतःच्या मनाने गोळी थांबवायची नाही.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. रिफाम्पिसिन चालू असताना माला-एन या गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही, गर्भ राहू शकतो. तीच आशाताई माला-एन वाटते आणि तीच टीबीच्या गोळ्या देते, तरी दोन्हींचा संबंध कुणी लावून देत नाही. तांबी किंवा निरोध सुचवायला सांगा, आणि गोळ्या संपल्यावरही आणखी एक महिना.

वजन. डोस वजनावर आहे: 25 ते 34 किलोला 2 गोळ्या, 35 ते 49 ला 3, 50 ते 64 ला 4, 65 ते 75 ला 5, त्याच्या वर 6. उपचारात वजन 5 किलोने वाढून वरच्या गटात गेलं तर डोस वाढतो. म्हणजे दर महिन्याला वजन करायचं ते नुसतं कार्डावर लिहायला नाही. झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात (2023) पहिल्या दोन महिन्यांत 5 टक्के वजन वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. 40 किलोच्या माणसाला 5 टक्के म्हणजे 2 किलो. एवढं वाक्य सांगितलं की निक्षय मित्राच्या टोपलीचं महत्त्व स्टाफला आपोआप पटतं.

नवीन रुग्ण गोळ्या घेऊन थेट घरी पाठवण्याआधी एवढं बघा: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 14 किंवा कमी, किंवा 16 पर्यंत आणि पायावर सूज, श्वास मिनिटाला 24 पेक्षा जास्त, ऑक्सिजन 94 च्या खाली, आधाराशिवाय उभं राहता येत नाही. यातलं एक जरी असलं तरी भरती. तमिळनाडूने 2022 पासून याच धर्तीची छाननी चालवली आहे. वजनकाटा, उंचीची पट्टी, ऑक्सिमीटर आणि घड्याळ एवढंच लागतं, आणि ते उपकेंद्रात असतं.

एमडीआरच्या नव्या कोर्सबद्दल, म्हणजे बीपाल्मबद्दल: सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेला 26 आठवड्यांचा कोर्स. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लोक्सासिन. कोणाला द्यायचा ते डीआर-टीबी (औषधांना दाद न देणारा टीबी) सेंटर ठरवतं, उपकेंद्राचं काम घरचं. चूक बहुतेक तिसऱ्या आठवड्यात होते. बेडाक्विलिन पहिले 14 दिवस रोज 4 गोळ्या (100 मिग्रॅच्या), नंतर आठवड्यातून तीनच दिवस, 2 गोळ्या. मग एक तर 4 रोजच चालू राहतात, नाहीतर "आज सुटीचा दिवस" म्हणून बाकीची तीन औषधंही राहतात. घरातल्या कॅलेंडरवर सोमवार, बुधवार, शुक्रवारला पेनाने गोल करून द्या, बाकी तीन औषधं रोज. आणि ही औषधं जेवणानंतर, साध्या टीबीच्या गोळ्यांच्या उलट. मॉक्सी सकाळी घेत असतील तर लोहाची लाल गोळी रात्री, सोबत घेतली तर मॉक्सी अंगी लागत नाही. लिनेझोलिडने मुंग्या, नजर कमी होणं, रक्त कमी होणं. बेडाक्विलिनने छातीत धडधड, चक्कर. यात वाट बघायची नाही.

औषधवाला_परभणी

डॉक्टरसाहेबांनी डोस सांगितला, मी पट्टीचा हिशोब सांगतो, कारण साठा तिथेच चुकतो. चार औषधांच्या एकत्र गोळीची पट्टी 28 ची. 3 गोळ्या रोज म्हणजे 28 दिवसांना 3 पट्ट्या, पहिल्या 56 डोसला 6. रुग्णाच्या घरी जाऊन "गोळ्या घेता ना?" विचारण्यापेक्षा पट्ट्या मागवून त्यांतले रिकामे कप्पे मोजायला शिकवा. महिन्याच्या भेटीत 10 गोळ्या जास्त उरल्या तर तीनेक दिवस चुकलेत, त्यात वाद नाही. रागवायचं नाही, फक्त विचारायचं की कोणत्या दिवशी. बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं: बाजाराचा दिवस किंवा लग्न.

संध्याकाळच्या अर्ध्या तासात मेडिकलवाल्यांना शेड्यूल एच1 (चिठ्ठीवर, नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी) पासून सुरुवात करा. टीबीची औषधं 2014 पासून त्यात आहेत: डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग रजिस्टरला लिहायचे, रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. हे माहीत नसलेला दुकानदार आता कमी, पण त्यातून नोटिफिकेशन (रुग्णाची सरकारकडे नोंद) होतं आणि नोटिफिकेशन झालं की गिऱ्हाइकाला 3000 चा पहिला हप्ता मिळतो, हे कुणी जोडून सांगत नाही. कायद्याचा धाक आधी दाखवला की मंडळी गप्प बसतात. गिऱ्हाइकाचा फायदा आधी सांगा.

खासगी डॉक्टरांची एकच भीती असते, पेशंट सरकारीत निघून जाईल. स्पष्ट सांगा: पेशंट त्यांच्याकडेच राहतो, गोळ्या सरकारी मोफत मिळू शकतात, नोटिफिकेशनला डॉक्टरांना 500 आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी 500. नोटिफिकेशन 2012 पासून सक्तीचं आहे, ते शेवटी एका वाक्यात.

इन्सुलिनसाठी मात्र वेगळी पंधरा मिनिटं घ्या. टीबी आणि शुगर सोबत निघणारे बरेच असतात, म्हणूनच प्रत्येक टीबी रुग्णाची शुगर बघायची असते. रिफाम्पिसिनने ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर कमी होतो, शुगर आटोक्यात येत नाही आणि डॉक्टर सुई लिहून देतात. इथे आपल्याकडे घोळ सिरिंजचा. सरकारी बाटली 40 युनिटची, तिला लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची 100 ची, ती पेनच्या कार्ट्रिजच्या ताकदीची. 40 च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट 100 च्या कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने 20 पर्यंत ओढलं तर जातात 50. हे फळ्यावर लिहू नका, पाणी भरून करून दाखवा. दोन सिरिंज, दोन बाटल्या, पाच मिनिटं.

साठवण: उघडलेली बाटली साधारण 4 आठवडे, 25 ते 30 अंशांत. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेडला पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बाटली, सावलीत. फ्रिज असेल तर दाराच्या कप्प्यात. फ्रीझरला टेकून गोठलेली बाटली फेकायचीच. मिश्र (30/70) इन्सुलिन तळहातात दहा वेळा घोळवून, दहा वेळा उलटंपालटं करून दुधट दिसलं की मगच ओढायचं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. साखरेची पुडी सुईच्याच डबीत ठेवायला सांगा.

सिंदफणा_काठ

याद्यांची कल्पना उचलली. सिरिंजचंही. दोन शंका. उपवासाचं काय सांगायचं, एकादशी, चतुर्थी, नवरात्र आणि रमजान, सगळंच येतं. आणि ऊसतोडीचं अजून कुणी बोललं नाही.

लातूर_फिजिशियन

साध्या टीबीच्या गोळ्या उपवासाला आड येत नाहीत. पाण्यासोबतच घ्यायच्या असतात. रोजा असेल तर सहरीच्या अर्धा तास आधी. बीपाल्म जेवणासोबत, म्हणजे रमजानमध्ये इफ्तारच्या जेवणानंतर. इन्सुलिनवाल्याने उपवास धरायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, आशाताईने डोस कमी-जास्त सांगायचा नाही. आणि साबुदाणा, भगर म्हणजे "हलकं" नाही हेही सांगून टाका, शुगर चांगलीच चढते.

बालाघाट_एमओ

ऊसतोडीचं. टोळी हलण्याच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, प्रत्येक उपकेंद्राने चालू रुग्णांपैकी कोण जाणार याची यादी काढायची. मुकादमाकडून उचल घेतली की तारीख आणि कारखाना ठरलेला असतो, घरात विचारलं की कळतं. निघायच्या आधीच्या आठवड्यात चार गोष्टी: निक्षय आयडी कार्डावर ठळक आणि रुग्णाच्या मोबाइलमध्ये फोटो, 28 दिवसांच्या गोळ्या हातात, कारखान्याच्या जवळचं आरोग्य केंद्र शोधून निक्षयवर ट्रान्सफर, आणि तिथल्या एसटीएसला फोन. शेवटचं केलं नाही तर ट्रान्सफर स्क्रीनवरच पडून राहते, समोरच्याने ती स्वीकारावी लागते. कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणार असेल तरी हाच आयडी चालतो. तिथला फोन मिळत नसेल तर निक्षयची हेल्पलाइन 1800116666.

रुग्णाला हे वाक्य जरूर सांगा: पैसे खात्याला जोडलेत, गावाला नाही. दुसरा हप्ता नेमका हंगामात येतो, आणि "गाव सोडलं की बंद होतं" म्हणून लोक ट्रान्सफर करून घेत नाहीत.

अडचण पहाटेची. टोळी तीन-चारला फडात जाते, सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन लगेच कोयता धरला की मळमळ होते आणि दोन दिवसांत गोळी सुटते. तिथे गोळीची वेळ रात्रीची करून द्या, जेवून दोन तास झाल्यावर. रोज तीच वेळ पाळली की झालं. मुकादमाला सांगायचं की नाही हे रुग्णाने ठरवायचं, आपण नाही.

औषधवाल्यांच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. घरी जाऊन रिकाम्या पट्ट्या मोजणं खोपीवर जमत नाही, चार बिऱ्हाडं शेजारी असतात आणि सगळे बघतात. तिथे फोनवर विचारा, आणि पट्ट्या केंद्रावर आणायला सांगा.

औषधवाला_परभणी

हे बरोबर. गावातही भिंतीला भिंत असलेल्या घरात तेच करावं.

सिंदफणा_काठ

निक्षय मित्राच्या टोपलीबद्दल स्टाफला काय आकडा सांगू? काही जण म्हणतात 'जे दिलं ते घ्यायचं'.

एसटीएस_धाराशिव

मोठ्या माणसासाठी महिन्याला सुचवलेलं: 3 किलो धान्य, दीड किलो डाळ, 250 ग्रॅम तेल, आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे 1 किलो. आपल्याकडे ज्वारी, तूर आणि शेंगदाणे धरले तर दुकानदारही लगेच बांधून देतो. बिस्किटं आणि साखरेचे पुडे घेऊन येणाऱ्या मित्राला आधीच ही यादी द्या, नंतर बोलून वाईटपणा येतो. रुग्णाची लेखी संमती निक्षयवर नोंदवल्याशिवाय नाव मित्राला द्यायचं नाही, आणि टोपली देतानाचा फोटो रुग्णाला नको असेल तर नाही. फोटोमुळे टोपली नाकारलेले रुग्ण आहेत. बीएमआय 18.5 च्या खाली असेल तर पहिल्या दोन महिन्यांसाठी वेगळा पोषण पूरक आहारही आहे, त्याची मागणी वेगळी करावी लागते.

आशाताईंचं मानधनही याच बैठकीत सांगा, नाहीतर शेवटी तोच प्रश्न येतो: साध्या टीबीचा रुग्ण पूर्ण झाल्यावर उपचार साहाय्यकाला 1000, डीआर-टीबीला 5000, त्यातले 2000 पहिला टप्पा झाल्यावर. शेवटची रक्कम रुग्णाचा निकाल निक्षयवर भरल्यावरच निघते. निकाल भरायचा राहिला की मानधन अडतं, आणि आशाताईंना वाटतं कुणी खाल्लं.

महिन्याने पुन्हा बैठक असेलच. तेव्हा परीक्षा घेऊ नका. निक्षयवरून दोनच आकडे काढा: या महिन्यात नव्याने उपचार सुरू झालेल्यांपैकी किती जणांचं खातं सात दिवसांत पडताळलं गेलं, आणि किती जणांचं दुसरं वजन नोंदलंय. उपकेंद्रनिहाय काढा, पण नावं वाचून दाखवू नका, ज्याचा कागद त्याच्या हातात द्या. खाते पडताळणीत मागे राहिलेल्या उपकेंद्रांजवळच्या बँकेच्या शाखेत एकदा स्वतः जाऊन या. बऱ्याचदा अडलेलं असतं ते तिथल्या आधार मॅपिंगच्या अर्जावर, आणि शाखाधिकाऱ्याला दहा अर्ज एकदम दिले की ते एका बैठकीत होतात. एकेकटा रुग्ण गेला की त्याला "सोमवारी या" ऐकावं लागतं.